खांदेरी : बाईंच्या प्रश्नाचं उत्तर

स्मरणिकेसाठी "काहीतरी लिही" असा ग्रुपवर निरोप आला, तोपर्यंत सहलीच्या, डब्यांच्या आणि पावसात गळणाऱ्या वर्गाच्या आठवणी इतरांनी वाटून घेतल्या होत्या. माझ्याकडे उरली ती एक जुनी उधारी. इतिहासाच्या बाईंनी नववीत मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे आणि बाई या मेळाव्याला येणार आहेत असं कळलं, म्हणून हा लेख.

शिवजयंतीची वक्तृत्व स्पर्धा होती. माझा विषय 'शिवरायांचे आरमार'. भाषण बाबांनी रात्रपाळीवरून आल्यावर बसून लिहून दिलेलं, मी घोकलेलं. त्यात एक वाक्य असं होतं की खांदेरीच्या लढाईत मावळ्यांनी इंग्रजांची जहाजं समुद्राच्या तळाशी धाडली. तिथे हात खाली झटकायचा, हेही ठरलेलं. हात झटकला, टाळ्या पडल्या. मग परीक्षकांच्या टेबलामागून बाई म्हणाल्या, "छान. किती बुडाली? आणि मोजली कुणी?"

मी गप्प. पहिला नंबर 'माझी आई' या भाषणाला गेला आणि मला दुसरा मिळाला, त्याचा राग दहावीपर्यंत पुरला. पुढे इंजिनीअरिंग, नोकरी, संसार यांत इतिहास सुटला. तो परत हातात आला चाळिशीनंतर. 'इंग्लिश रेकर्ड्स ऑन शिवाजी' नावाचं एक जाडजूड पुस्तक आहे. मुंबई, सुरत, राजापूर इथल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी एकमेकांना आणि विलायतेला लिहिलेल्या पत्रांचा तो संग्रह, १९३१ मध्ये पुण्यातच छापलेला. बाईंचा प्रश्न डोक्यात होता म्हणून मी थेट १६७९ सालची पत्रं उघडली.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. आपल्यापैकी निम्मे तरी अलिबागला गेलेले आहेत. अलिबागच्या उत्तरेला थळचा किनारा आहे. तिथे वाळूवर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं आणि बसकं ते उंदेरी. त्याच्यामागे, किनाऱ्यापासून चारेक किलोमीटरवर, दोन टेकड्यांचं आणि दीपगृहाचं ते खांदेरी. मुंबई बंदराचं तोंड तिथून फार लांब नाही. बंदरात शिरणारं आणि बाहेर पडणारं शीड खांदेरीवरच्या माणसाला दिसतं. बेटाचं सगळं महत्त्व या एका गोष्टीत आहे.

मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारप्रमुख झाला होता आणि पावसाळ्यात आपली जहाजं मुंबईच्या आसऱ्याला आणून ठेवत होता. पाऊस संपला की तीच जहाजं निघून मराठ्यांचा किनारा लुटायची. इंग्रजांना सिद्दी नको होता, पण मोगलांशी वाकडं घ्यायची त्यांची तयारी नव्हती. महाराजांनी जंजिऱ्यावर अनेकदा बळ लावलं आणि तो पडला नाही. तेव्हा सिद्दी जिथे विसावतो त्या मुंबईच्या दारातच चौकी बसवायची, असा हा विचार. १६७२ मध्ये एकदा खांदेरीवर बांधकामाचा प्रयत्न झाला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आल्यावर तो सोडून द्यावा लागला. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी, समुद्र पुरता शांत झालेला नसतानाच, मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचायला लागला.

मायनाक भंडारीबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही. वय, गाव, चेहरा, पुढे काय झालं, काही नाही. ज्याने हे बेट धरून ठेवलं तो माणूस ओझरता दिसतो, आणि तोही बराचसा शत्रूच्या पत्रांतून.

इंग्रजांनी आधी निरोप पाठवला की बेट आमचं आहे, निघून जा. उत्तर आलं की महाराजांच्या हुकुमाशिवाय हलणार नाही. मग सप्टेंबरात त्यांनी काही छोटी जहाजं पाठवली, बेटाकडे सामान जाऊ द्यायचं नाही एवढाच हुकूम देऊन. १९ सप्टेंबरच्या सुमारास फ्रान्सिस थॉर्प नावाच्या लेफ्टनंटने शिबाड घेऊन थेट बेटाला लागायचा प्रयत्न केला. अर्धवट बांधलेल्या भिंतीआडून गोळ्या आल्या, थॉर्प मारला गेला आणि शिबाड मराठ्यांच्या हाती पडलं.

(तारखांबद्दल एक सांगते, कारण आमच्या धंद्यात निम्मी भांडणं तारखांचीच असतात. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग वापरत. त्यांच्या तारखा आजच्या हिशेबाने दहा दिवस मागे आहेत. मी त्यांच्या पत्रांतल्याच तारखा ठेवल्या आहेत.)

आता मुंबईकरांची अब्रू पणाला लागली. कॅप्टन रिचर्ड केग्विनला सगळ्या ताफ्याचा मुख्य नेमलं. हा केग्विन पूर्वी सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर राहिलेला, आणि चार वर्षांनी, १६८३ मध्ये, कंपनीविरुद्धच बंड करून वर्षभर मुंबई बळकावून बसलेला. एकंदर जबरदस्त माणूस. त्याच्याकडे आठ जहाजं होती. 'रिव्हेंज' नावाचं फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे. 'रिव्हेंज'चा कप्तान विल्यम मिंचिन. शिवाय दोनशे शिपाई.

मराठ्यांचं आरमार चौल-नागावच्या बाजूला होतं, सरदार दौलतखान. त्यात मुख्य भरणा गलबतांचा. गलबत म्हणजे उथळ तळाची, हलकी, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारी नाव. एकेका नावेवर चाळीस-पन्नास वल्हेकरी आणि तोफा अगदी हलक्या. फ्रिगेटच्या एका बाजूच्या तोफा एकदम सुटल्या तर अशा गलबताचं काय होईल, ते सांगायला नको.

१८ ऑक्टोबर १६७९. पहाट फुटता फुटता दौलतखान सगळं आरमार घेऊन नांगरलेल्या इंग्रजांवर चालून आला. आकडा पत्रागणिक बदलतो, कुठे चाळीसहून अधिक, कुठे पन्नास. इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरवलं. तिच्यावरच्या इंग्रजांना कैद करून पुढे सागरगडावर नेलं. बाकीची छोटी इंग्रज जहाजं लांब सरकली ती सरकलीच. मधोमध एकटं 'रिव्हेंज' उरलं.

इथपर्यंत वाचताना मी मनातल्या मनात तो नववीतला हात पुन्हा झटकला होता. पुढचं पान उलटलं आणि हात खाली आला. एकटं पडलेलं 'रिव्हेंज' पळालं नाही. केग्विन आणि मिंचिननी गलबतं जवळ येऊ दिली आणि तोफा डागल्या. इंग्रजांच्या सांगण्याप्रमाणे पाच गलबतं बुडाली, उरलेलं आरमार मागे फिरलं आणि 'रिव्हेंज'ने नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत त्याचा पाठलाग केला.

तेव्हा बाई, उत्तर असं आहे : पाच बुडाली, ती आपली होती, आणि मोजली इंग्रजांनी. पाचच होती का, हे सांगणारा आपल्या बाजूचा कागद माझ्या पाहण्यात नाही. आपण वरिष्ठांना पाठवलेल्या रिपोर्टात आपले आकडे कसे फुगतात, हे मला नोकरीतून चांगलं माहीत आहे. पण त्या दिवशी मैदान, म्हणजे पाणी, इंग्रजांच्या ताब्यात राहिलं हे मानायला हवं.

आणि तरीही बेट मराठ्यांकडेच राहिलं. मला त्या भाषणापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी वाटते. समोरासमोरच्या लढाईत मागे हटलेल्या बाजूने मोहीम कशी काय जिंकली?

याचं उत्तर १८ ऑक्टोबरच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींमध्ये आहे. दौलतखानाचं आरमार दोन-चार दिवसांत पुन्हा बाहेर पडलं. पण इंग्रजांना खरा त्रास दिला तो रोज रात्री थळ-नागावकडून खांदेरीकडे सरकणाऱ्या लहान नावांनी. माणसं, धान्य, दारूगोळा, बांधकामाचं सामान. इंग्रजी पत्रांत याच तक्रारी पुनःपुन्हा येतात. या नावा रात्री कशा निसटतात कळत नाही, त्या आमच्या जहाजांपेक्षा चपळ आहेत, आम्ही शीड फिरवेपर्यंत त्या आत असतात.

कळत नाही म्हणणाऱ्यांनी आपला भूगोलाचा तास चुकवला होता. 'खारे वारे आणि मतलई वारे', दोन गुणांची टीप, फळ्यावरच्या बाणांसकट आठवते ना? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई. पाऊस संपल्यावर कोकण किनाऱ्यावर हा खेळ रोज चालतो. थळच्या कोळ्याला ही टीप पाठ करावी लागत नाही. रात्री मतलई पाठीशी घेऊन निघायचं, सामान उतरवायचं, जमल्यास उजाडायच्या आत परतायचं. वारा पडलाच तर वल्ही आहेत. शिडाचं जड जहाज वारा पडला की जागच्या जागी डुलत राहतं आणि उंदेरी-खांदेरीच्या आजूबाजूच्या उथळ, खडकाळ पाण्यात रात्री शिरायची त्याची छाती होत नाही. दौलतखानाने हल्ल्यासाठी पहाट निवडली तीही यामुळेच असावी, कारण मतलई तेव्हा अजून वाहत असतो. हा माझा तर्क आहे. बाईंनी खोडला तरी चालेल.

मी गेली बरीच वर्षं चाकणकडच्या कारखान्यांना सुटे भाग वेळेवर पोचवण्याचं सॉफ्टवेअर लिहिते. तिथे कुठलंही मोठं यंत्र बिघडण्यापेक्षा एक चार रुपयांचा बोल्ट न येणं जास्त भीतीचं असतं, कारण त्याने अख्खी लाइन थांबते. आपल्या वर्गातले किती जण भोसरीच्या शेडमधून असेच बोल्ट, वॉशर, रबरी सील पाठवतात! त्यांना खांदेरी लगेच कळेल. आरमाराचं काम इंग्रजांचा ताफा बुडवणं हे नव्हतंच. ताफ्याला गुंतवून, दमवून ठेवायचं आणि तेवढ्यात मायनाकची भिंत रोज थोडी वर चढवायची. १८ तारखेला पाच गलबतं गेली असतील, पण भिंतीचं काम थांबलं नाही.

आणि उलट बाजूचं उदाहरण आपल्या अगदी दारात आहे. चाकणचा संग्रामदुर्ग आपण बसमधून जाताना हजार वेळा मागे टाकला. १६६० मध्ये शाएस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला द्यावा लागला. शौर्यात फिरंगोजी मायनाकपेक्षा तसूभर कमी नव्हता. पण चाकणला चहूबाजूंनी मोगल होते, मदत आत येऊ शकली नाही. खांदेरीला चहूबाजूंनी पाणी होतं, आणि ते पाणी ज्यांना ओळखत होतं ती माणसं मायनाकच्या बाजूची होती.

याच सुमारास मी ग्रीकांचाही इतिहास वाचत होते आणि तिथे खांदेरीची जुळी बहीण भेटली. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध, इसवी सनपूर्व ४२५. अथेन्स समुद्राचा राजा. त्यांच्या ट्रायरीम नावाच्या नावांवर वल्ह्यांच्या तीन रांगा आणि १७० वल्हेकरी असत. स्पार्टा जमिनीवरचा राजा. पायलोसच्या खाडीच्या तोंडावर स्फॅक्टेरिया नावाचं लांबट, ओसाड बेट आहे. त्यावर स्पार्टाचे ४२० योद्धे अडकले आणि अथेन्सच्या आरमाराने बेटाला गराडा घातला. दिवसा दोन नावा एकमेकींच्या उलट दिशेने बेटाला फेऱ्या मारत. रात्री सगळ्या नावा भोवती नांगरून पडत.

तरी बेटावर अन्न पोचत होतं! स्पार्टाने जाहीर केलं की धान्य पोचवणाऱ्याला पैसे मिळतील आणि तो गुलाम असेल तर त्याला स्वातंत्र्य. मग हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे वेठीचे शेतकरी, जिवावर उदार झाले. समुद्राकडून जोराचा वारा सुटला की गराडा घालणाऱ्या नावांना बाहेरच्या बाजूला थांबता येत नसे. नेमकी ती रात्र गाठून ते आपल्या होड्या बेटाच्या खडकांवर आपटवत. फुटल्या तर फुटल्या, होडीची किंमत आधीच ठरलेली. काही जण तर पाण्याखालून पोहत, दोरीने कातडी पिशव्या ओढत. त्यांत मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस. खसखस आणि जवस वाचून मला आमच्या घरचे डबेच दिसले, त्यामुळे हे तपशील विसरणं शक्य नाही. हे सगळं त्या युद्धात स्वतः सेनापती राहिलेल्या थ्युसिडिडीजने लिहून ठेवलं आहे, आणि तो अथेन्सचा होता. म्हणजे इथेही शत्रूनेच नोंद केली.

मात्र स्फॅक्टेरियाचा शेवट वेगळा झाला. ७२ दिवसांनी अथेन्सवाल्यांनी गराड्यावर विसंबणं सोडलं, मोठी फौज बेटावर उतरवली आणि उरलेल्या २९२ जणांना जिवंत पकडलं. स्पार्टन शरण येतात हे पाहून सगळा ग्रीस थक्क झाला. अन्न पोचलं होतं, पण तटबंदी म्हणावी अशी तिथे एक जुनी पडकी गढीच काय ती होती. खांदेरीवर इंग्रजांनी अशी फौज सप्टेंबरातच, भिंत गुडघ्याएवढी असताना, उतरवली असती तर? थॉर्पनंतर त्यांना ती हिंमत झाली नाही, आणि नंतर भिंत उंच झाली.

शिवाय इंग्रजांचा हिशेब सुरतेला बसलेल्या वरिष्ठांच्या हातात होता. जहाजं, शिपाई, पगार, दुरुस्ती, आणि व्यापार ठप्प. सुरतेहून खर्च आवरा, तडजोड करा असा सूर लागला. नोव्हेंबरात सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं, तेव्हा तर त्यांची झोपच उडाली. हा बेट जिंकून आपल्याकडेच ठेवणार, ही त्यांना धास्ती. मित्राने जिंकण्यापेक्षा शत्रूकडे राहिलेलं बरं, असं काहीसं त्यांच्या मनात आलेलं पत्रांतून जाणवतं. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी जहाजं काढून घेतली आणि महाराजांशी समेट केला. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. मुंबईच्या दारातली चौकी बसलेली त्यांनी पाहिली, एवढं म्हणता येतं.

पण गोष्ट इथे संपवली तर ते पुन्हा माझं नववीतलं भाषण होईल. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचं उंदेरी गाठलं आणि तिथे स्वतःच्या तोफा चढवल्या. दौलतखानाने ते घ्यायचा प्रयत्न केला. तो फसला आणि खान स्वतः जखमी झाला. म्हणजे खांदेरीने मुंबईवर नजर ठेवायची आणि उंदेरीने खांदेरीवर. थळच्या किनाऱ्यावरून एकाच नजरेत मावणारी ही दोन बेटं त्यानंतर अनेक वर्षं एकमेकांवर गोळे टाकत राहिली. खांदेरीचा विजय हा असा, शेजारी काटा घेऊन आलेला. थळच्या ज्या कोळ्यांनी रात्री नावा हाकल्या, त्यांच्या मुलाबाळांना ते गोळे कितीतरी वर्षं ऐकावे लागले असतील.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आलं. आंग्रे हे आडनाव मावळातल्या आंगरवाडीवरून पडलं असं सांगतात, म्हणजे समुद्रावरचा हा दरारा मूळचा आपल्याच बाजूचा, एवढी शेखी आपण मिरवायला हरकत नाही. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठा ताफा घेऊन खांदेरीवर आला आणि हात हलवत परत गेला. आता बेटाचं अधिकृत नाव कान्होजी आंग्रे बेट आहे. १८६७ चं दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, आणि दगडाने ठोकलं की भांड्यासारखा वाजणारा एक मोठा खडक आहे. २०१९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचं नाव 'खांदेरी' आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत आपल्या शिवनेरी-लोहगडाबरोबर खांदेरीही आहे.

मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात थळला गेले होते. भल्या पहाटे किनाऱ्यावर उभी राहिले. पाठीमागून, नारळांच्या बाजूने, गार वारा समुद्राकडे चालला होता. एक कोळी मावशी टोपली घेऊन चालल्या होत्या. त्यांना विचारलं, "मावशी, हा मतलई ना?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मग दुसरा कुठला असनार सकालचा?"

तर मेळाव्यानंतर कुणाकुणाला यायचं आहे ते ग्रुपवर कळवा. थळहून होड्या मिळतात, बेटावर उतरायच्या परवानगीचं आधी विचारून ठेवावं लागेल, आणि भरतीची वेळ पाहून निघावं लागतं. भोसरीहून पहाटे चारला निघालो तर जमेल. बाईंसाठी पुढची सीट राखून ठेवली आहे. आणखी प्रश्न असतील तर त्यांनी वाटेतच विचारावेत, म्हणजे टाळ्या वाजवायला कुणी नसेल.